रणगाडा आणि आपले ओतकाम
(वीर येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



रणगाड्याची लहान प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते आपल्या ओतकामाचेच धाकटे भावंड होय.

१९६५ साली आवडीच्या कारखान्यातून ‘विजयंता’ बाहेर पडला. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात तो पाहावयास मिळतो. १:३५ हे प्रमाण धरिले, तर त्याचा सांगाडा सुमारे साडेबावीस सेंटिमीटर लांब व नऊ सेंटिमीटर रुंद भरतो. तो प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून जोडावा. परंतु प्रत्येक बाजूस सहा जोडचाके, म्हणजे एकूण चोवीस चकत्या; त्या हाताने एकसारख्या उतरत नाहीत. म्हणून एकच चकती मन लावून घडवावी, तिच्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घ्यावा आणि त्यात रेझिन ओतावे.

आपल्या वाडवडिलांचा मेण गाळून केलेला मातीचा साचा एका मूर्तीसरशी फुटे. हा रबरी साचा अनेक प्रती देतो. नियम मात्र जुनाच: साचा कोरडा हवा. पॉलियुरेथेन रेझिनला ओल लागली की ते फसफसते व ओतीव छिद्राळ होते. यास्तव कोकणच्या पावसाळ्यात हे काम टाळून दसऱ्यानंतर हाती घ्यावे. वाफा अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

दुसरा नियम असा, की मूळ नमुन्यावरचा ओरखडा चोवीसही प्रतींत उतरतो. वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. भट्ट्या विझल्या, मुले मुंबईस गेली. तरी हातातील कसब विझू देऊ नये. सुटीत ती घरी आली, की त्यांस एक चकती घडवावयास द्यावी.