ठरावाच्या कागदापासून तळ्याच्या काठापर्यंत : महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस



नगराध्यक्षाच्या कार्याचे मोजमाप सामान्यतः रस्ते, दिवाबत्ती, गटारे आणि पाणीपुरवठा यांवरून केले जाते. आणि ते योग्यही आहे. नागरिकाचा शासनाशी पहिला परिचय घरासमोरच्या रस्त्यावर आणि पाणवठ्यावरच होतो. परंतु क्वचित एखाद्या लहान गावच्या नगरपालिकेपुढे असा प्रसंग येतो की, तळ्यात पाणी किती आहे हा प्रश्न मागे पडतो आणि ते पाणी कोणाचे आहे, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. सावित्री नदीच्या काठी वसलेल्या महाड नगरीवर असा प्रसंग आला. त्या काळातील तेथील नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजेच लोकांचे सुरबानाना, यांच्या सार्वजनिक सेवेचे स्मरण करणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम त्या वेळची शासकीय परिस्थिती लक्षात घ्यावी लागेल. दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, अशी त्या ठरावाची शिफारस होती. सप्टेंबर १९२३ मध्ये शासनाने त्यानुसार आदेश काढला. स्वतःच्या खात्यांना शासनाने अंमलबजावणीचा आदेश दिला. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र, शिफारस स्वीकारण्याचा विचार करावा असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, एवढेच सांगितले. थोडक्यात, नगरपालिकांवर सक्ती नव्हती. निर्णय सभासदांच्या विवेकावर सोपविला गेला होता.

असा सल्ला फाइलीत ठेवून देणे कोणत्याही नगरपालिकेला अवघड नव्हते. महाड नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. सुरबानाना टिपणीस यांचे नाव या निर्णयाशी कायमचे जोडले गेले आहे. ते स्वतः चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील, म्हणजे ज्यांना त्या तळ्यावर कधीच कोणी अडविले नव्हते अशांपैकी होते. ज्या शेजाऱ्यांच्या रोषाला तोंड द्यावयाचे, त्यांच्यातच राहावयाचे होते. लहान गावात सार्वजनिक मतभेद सभागृहापुरता राहत नाही. तो बाजारपेठेत, लग्नकार्यात आणि शेजारच्या ओटीवरही पोहोचतो, हे येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांना सांगावयास नको.

ठराव झाला, परंतु पाणी मिळाले नाही. गावातील रूढीचा धाक इतका होता की, तळ्याकडे जाण्याचे धाडस तीन वर्षे कोणालाच करता आले नाही. दरम्यान १९२६ मध्ये, असे पाणवठे खुले न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, असाही ठराव विधिमंडळात झाला. तरीही कागद आणि काठ यांतील अंतर कायमच राहिले.

ते अंतर ज्यांनी पार केले, ते लोक स्वतः त्या हक्काचे धनी होते. महाडनजीकच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून दिनांक १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. परिषदेसाठी महाड निवडण्यामागे एक महत्त्वाचे कारण होते. या गावी नगरपालिकेचा अनुकूल ठराव होता, आणि सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण समाजातील सहकारी पाठीशी उभे होते. तरीसुद्धा परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. नगरपालिकेने ज्यांना तळे खुले केले होते, त्यांनाच त्या गावात पाण्याचे दाम मोजावे लागावेत, यापेक्षा कागदी ठरावावरचे बोलके भाष्य दुसरे कोणते असू शकेल?

दिनांक २० मार्च रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी खोटी अफवा पसरली व प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण'ही करण्यात आले. दिनांक ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बहुमताने केलेले बहुमतानेच मोडता येते, हा लोकशाहीतील कटू धडा त्या दिवशी महाडने दिला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह परिषद भरली. तत्पूर्वी काही रहिवाशांनी, तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. बाबासाहेबांनी कायद्याचा मान राखून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला. तो जवळजवळ दहा वर्षे चालला. दिनांक १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता. ज्या नगरपालिकेने १९२४ साली योग्य पाऊल टाकून नंतर ते मागे घेतले, तिची पहिलीच भूमिका न्यायसंगत होती, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

सुरबानानांची सार्वजनिक सेवा नगरपालिकेच्या चार भिंतींत संपली नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, तेव्हा टिपणीस त्या पक्षात सामील झाले आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात बाबासाहेबांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. पाण्याच्या हक्काला जोडूनच जमीन कसणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न त्या पक्षाने उचलला होता. खोती रद्द करणारा कायदा पुढे १९४९ मध्ये झाला. सुरबानानांना लोकांनी 'दलितमित्र' म्हणून गौरविले. ही पदवी त्यांच्या कार्याची मर्यादाही अचूक सांगते, आणि तिचा आदर राखणे उचित ठरेल. महाडचा लढा ज्यांनी मार खाल्ला, ज्यांनी ओंजळ भरली, त्यांचा होता. नगराध्यक्ष त्यांचा मित्र होता. त्याने आपल्या अधिकाराचे दार आतून उघडले.

आज परिस्थिती पालटली आहे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरातील भेदभावास मनाई केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेचे आचरण शिक्षापात्र ठरविले, आणि १९७६ मध्ये तो कायदा अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नावही रायगड झाले. महाडच्या नगरपालिकेला जे सल्ला म्हणून सांगितले गेले, ते आज प्रत्येक ग्रामपंचायतीचे व नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे.

तरीही १९२४ ते १९२७ या तीन वर्षांचा प्रश्न जुना झालेला नाही. सभेत ठराव होतो, इतिवृत्त लिहिले जाते, त्यावर सह्या होतात; परंतु वस्तीच्या टोकाला असलेल्या घरापर्यंत ती नळवाहिनी पोहोचली का, शाळेतील पाण्याच्या माठाला प्रत्येक मुलाचा हात लागतो का, हे पाहण्यास कोण जातो? शिक्षकाने वर्गात, ग्रामसेवकाने वस्तीत आणि सदस्याने आपल्या प्रभागात हा प्रश्न स्वतःला विचारावयाचा आहे. ठराव करणारा नगराध्यक्ष धैर्यवान होता; पण ठरावाला पाण्यापर्यंत नेण्यास हजारो पावले चालावी लागली, हेही तितकेच खरे.

चवदार तळे आज राष्ट्रीय इतिहासाचे तीर्थ झाले असून दरवर्षी २० मार्चला तेथे लोकांची रीघ लागते. त्या गर्दीत उभे राहणाऱ्याने एका लहान नगरपालिकेच्या सभागृहाचीही आठवण ठेवावी. तेथे सक्ती नसताना, लाभ नसताना आणि मते गमावण्याची शक्यता असताना योग्य बाजूने हात वर करण्यात आला होता. महाडच्या त्या नगराध्यक्षाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.