आधी गल्ला मोजा, मग शटर ओढा



लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो.
पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितो.
पुढची पानं मात्र बऱ्याचदा कोरीच!

आज बोलू या त्या कोऱ्या पानांबद्दल.
ती पानं म्हणजे आपली रोजकीर्द, रोजचा जमाखर्च.
डावीकडे जमा, म्हणजे आलेले पैसे.
उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले पैसे.

समजा, तुमचं किराणा दुकान आहे.
सकाळी गल्ल्यात होते 500 रुपये.
ही आरंभीची शिल्लक.
दिवसभरात रोख विक्री झाली 2000 रुपयांची.
दूधवाल्याला दिले 700.
म्हणजे रात्री गल्ल्यात हवेत 1800.

मोजले, तर निघाले 1700!

शंभर गेले कुठे?
आठवा बरं.
दुपारी मुलगी आली होती.
रिक्षासाठी तिनं गल्ल्यातून नोट उचलली.
घरचेच पैसे, म्हणून लिहायचे राहिले.
तेही लिहा.
घरखर्च, नावे शंभर.

म्हणून सांगतो, आधी गल्ला मोजा, मग शटर ओढा.
आठ दिवसांनी ती नोट कुणाला आठवणार?

मोबाइलवरचे पैसे थेट बँकेत जातात.
त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

आणि उधारी?
ती खतावणीत लिहा.
प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान.
पैसे हातात आले, की त्याच दिवशी रोजकीर्दीत जमा.

तर आज रात्री, आधी गल्ला मोजा.
शटर दोन मिनिटं थांबेल.