भिंतीआडचा आकडा

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)



अणुभट्टीभोवती जाड काँक्रीटची बंदिस्त इमारत उभारलेली असते. भट्टीत बिघाड झालाच, तर किरणोत्सर्गी वायू व वाफ आतच कोंडून राहावी, हा तिचा हेतू. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांना तर असे दुहेरी आवरण आहे. परंतु अपघातसमयी या भिंतीआड माणसाला पाऊल टाकता येत नाही. आत किरणोत्सर्ग किती, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे तेथे बसवलेले मापक यंत्र.

या यंत्रात वायू भरलेली एक बंद कुपी असते. किरण तीतून गेले की वायूचे कण विद्युतभारित होतात आणि अत्यल्प विद्युतप्रवाह वाहू लागतो. तारेवाटे तो नियंत्रण कक्षाकडे जातो व तेथे त्याचा आकडा होतो.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. इमारतीच्या घुमटातील मापकाचा आकडा चढताच सकाळी ७ वाजून २४ मिनिटांनी सर्वसाधारण आणीबाणी जाहीर झाली. भिंती टिकल्या, म्हणून बाहेर फारच थोडा किरणोत्सर्ग पडला. त्यानंतर १९८० साली तेथील अणुनियामक आयोगाने अशा इमारतीत परस्परांपासून दूर किमान दोन मापक असावेत आणि त्यांना ताशी १ कोटी राँटजेनपर्यंत मोजता यावे, अशी अट घातली.

एवढ्या मोठ्या मर्यादेचे प्रयोजन एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे दिसून आले. तेथे अशी पूर्ण बंदिस्त इमारत नव्हतीच. हाताशी असलेले बहुतेक मापक ताशी ३.६ राँटजेनपर्यंतच मोजू शकत होते. काटा टोकाला जाऊन अडला आणि तोच आकडा वरिष्ठांना कळवला गेला. प्रत्यक्षात काही ठिकाणी किरणोत्सर्ग हजारो पटींनी अधिक होता. शेजारच्या प्रिप्यात शहरातील लोकांना हलवण्यास दुसऱ्या दिवशी दुपारी प्रारंभ झाला.

आपत्तीच्या वेळी केंद्राबाहेरील व्यवस्थेची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर असते. पण सूचना घरोघर पोचतात त्या आपल्यासारख्यांच्या हातून. म्हणून सरावाच्या वेळी केवळ आकडा ऐकून थांबू नये. तो इमारतीच्या आतला की गावातला, आणि ते यंत्र कोठवर मोजू शकते, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्राने खरे सांगावे, ही तंत्रज्ञांची जबाबदारी. ते समजून घेऊन गावाला नीट सांगणे, ही आपली.