वर्गाच्या खिडकीतील गोकर्ण
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



वर्गातील कुंडीत पेरलेली गोकर्णाची बी उगवली नाही, की आपण बियाण्याला दोष देतो. क्वचित मुलांच्या हातालाही. मीही तो दिला आहे. वास्तविक या बीचे कवच इतके कठीण असते, की पाणी आत शिरतच नाही. बीवरील नाभीची खूण सांभाळून विरुद्ध बाजू पॉलिश कागदावर हलकेच घासावी व बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवावी. सकाळी फुगलेल्या बिया पेराव्यात. न फुगलेल्या फेकू नयेत, पुन्हा घासाव्यात.

पुढची अडचण उजेडाची. आपल्याला वाचावयास पुरणारा उजेड वेलीला पुरत नाही. ती लांबट, फिकट वाढते आणि फुलत नाही. म्हणून कुंडी उन्हाच्या खिडकीतच हवी. हिवाळ्यात दक्षिणेकडील उत्तम. हे फूल स्वपरागित असल्याने मधमाशीवाचूनही शेंगा धरतात व पुढील वर्षाचे बियाणे वर्गातच मिळते.

निळ्या पाकळ्यांचा अर्क लिंबाच्या रसाने जांभळट-गुलाबी, तर धुण्याच्या सोड्याने हिरवट होतो. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला याहून स्वस्त दर्शक कोठून मिळणार? बिया मात्र रेचक आहेत. त्या मुलांच्या तोंडात जाणार नाहीत, एवढे पाहावे.