सायकल भंगारात घालण्यापूर्वी

पावसाळा संपला की रत्नागिरीतल्या अनेक घरांच्या पडवीत एकच अडचण उभी राहते. मुलाची उंची वाढलेली असते, सायकलची सीट वर घ्यायची असते आणि सीटची नळी काही केल्या हलत नाही. मग "सायकलच आता लहान झाली" असं म्हणून ती भंगारवाल्याला दिली जाते. सांगाडा धड, चाकं धड. अडलेलं असतं ते वीतभर नळीपाशी.

असं होतं कशामुळे? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शिवाय मांडवी, मिऱ्या, भाट्ये या बाजूंनी येणारा वारा खारा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि लोखंड लवकर गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बारीक फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखे दोन्ही भाग एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून इथे नुसत्या ताकदीचा उपयोग नाही. आधी गंजाची पकड सुटली पाहिजे.

त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणारं पातळ तेल मिळतं. स्वयंपाकाचं तेल वापरू नका. ते दाट असतं, फटीत नीट उतरत नाही आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. आधी तारेच्या ब्रशनं सांधा साफ करा, तेलाचे थेंब सोडा, हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोके द्या आणि रात्रभर थांबा. सकाळी पुन्हा तेच. दोन-तीन दिवस लागले तरी हरकत नाही. तेल रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर मात्र पडू देऊ नका.

सीटची नळी काढताना आधी खालचा नट सैल करा. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळा. सरळ वर ओढू नका. सुतभर हलली की काम फत्ते समजा.

पायडलच्या बाबतीत बरेच जण फसतात. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, पण डाव्याचे उलटे असतात. चालवताना पायडल आपोआप सुटू नये म्हणून ही योजना. विमान उडवण्यापूर्वी सायकली बनवणाऱ्या राईट बंधूंना तिचं श्रेय दिलं जातं. साधी खूण लक्षात ठेवा: पाना पायडलच्या दांड्यावर उभा लावा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पायडलं याच दिशेनं सुटतात.

जुन्या काळ्या सायकलींत क्रँकला कॉटर पिन असते. तिचा नट पूर्ण काढून ठोकलं तर आटे चेपतात. नट पिनेच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंतच सैल करा. क्रँकखाली जाड पोकळ नळीचा भक्कम टेकू द्या, म्हणजे धक्का आतल्या छर्‍यांना बसत नाही, आणि मग एकच नेमका घाव घाला. पुन्हा बसवताना पिन नवीनच घाला.

नव्या सायकलींत लोखंडी सांगाड्यात ॲल्युमिनियमची नळी असू शकते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड घट्ट बसते. ॲल्युमिनियम तापवल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून अशी नळी तापवू नका, ती आणखी आवळते. उलट तिला बर्फ लावा. आणि जिथे तेल सोडलं आहे तिथे ज्योत कधीच नेऊ नका.

नटाचे कोपरे झिजू लागले किंवा सांगाडा वाकतो आहे असं वाटलं, की थांबा आणि सायकल दुकानात न्या. तिथे शिकंजा असतो, हात सरावलेला असतो. घरच्या हट्टानं वाकलेला सांगाडा मात्र सहजासहजी परत सरळ होत नाही.

भाग सुटला की पॉलिश पेपरनं घासा, पुसा आणि ग्रीस लावून बसवा. दरवर्षी मृग लागण्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास सीटची नळी एकदा काढून ग्रीस लावण्याचा नेम ठेवा. किनाऱ्यावरून फिरून आलात तर सायकल गोड्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. या कामाला दहा मिनिटं पुरतात, आणि त्या दहा मिनिटांवर धाकट्या भावंडाच्याही शाळेची सोय होते.