पेंगणारा शेअर आणि त्याचा इसार

जमीन विकताना इसार घ्यायची आपली रीत आहे. घेणारा मुदतीत फिरकला नाही, तर इसार बुडतो आणि जमीन आपली आपल्याकडेच राहते. शेअर बाजारातला कव्हर्ड कॉल साधारण याच जातीचा. शेअर आपल्याकडे असतात. अमुक तारखेपर्यंत, अमुक भावाला ते मागून घेण्याचा हक्क आपण दुसऱ्याला विकतो आणि प्रीमियम घेतो. इसार पुढे किमतीतून वळता होतो. प्रीमियम होत नाही, तो आपलाच. शिकागोत असे कॉल 1973 पासून रीतसर बाजारात विकले जातात, आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारात 2001 पासून.

आता मायक्रोसॉफ्ट आठवा. आजची नव्हे, 2002 ते 2012 मधली. वर्षाचा महसूल 28 अब्ज डॉलरवरून 73 अब्जांपलीकडे गेला. शेअर मात्र बहुतेक काळ 20 ते 35 डॉलरांच्या मध्ये पेंगत होता. 1999च्या तेजीत लोकांनी पुढची कित्येक वर्षं आधीच भावात मोजून टाकली होती ना! असा शेअर सांभाळणाऱ्याला वाटणारच, की हा हलत नाही तर निदान प्रीमियम तरी घेऊ.

मेख इथेच आहे. शेअर किती उसळेल या अंदाजावर प्रीमियम ठरतो. शेअर सुस्त, तर प्रीमियमही किरकोळ. आणि भाव कोसळला तर या किरकोळ रकमेची ढाल कुठवर पुरणार? मार्च 2009 मध्ये हाच शेअर 15 डॉलरांवर आला होता.

22 ऑगस्ट 2013. भाव साडेबत्तीसच्या आत. समजा, कुणी 100 शेअरांवर 33 डॉलरांचा कॉल अर्ध्या डॉलरने विकला. हाती 50 डॉलर आले. दुसऱ्या दिवशी कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी निवृत्ती जाहीर केली आणि शेअर एका दिवसात पावणेपस्तीसवर! कॉल विकणाऱ्याचे हात 33ला बांधलेले. प्रीमियम धरूनही शेअरमागे सव्वा डॉलर हुकला. घाबरून कुणी तो कॉल महागात परत घेतला असेल, तर त्याची फजितीच झाली. कारण 3 सप्टेंबरला नोकियाचा फोनचा धंदा घेण्याची बातमी आली आणि भाव पुन्हा 32च्या खाली. जो नुसता बसून राहिला, तो शहाणा ठरला.

पण असं दहा वेळा शहाणं ठरलं, की सवय लागते. विकायला मन खरंच राजी असेल त्याच भावाचा कॉल विकावा, असं माझं मत. बाकीचे लोक प्रीमियमचा आकडा आधी बघतात आणि भाव मागाहून. फेब्रुवारी 2014 मध्ये सत्या नडेला प्रमुख झाले आणि शेअर चढू लागला. या वेळी तो पूर्वीच्या पट्ट्यात परतला नाही. तेव्हा ज्याचे शेअर चाळिशीच्या आसपास मागून नेले गेले, त्याला तेच वरच्या भावाने परत घ्यायला हात धजावेना. 2018 मध्ये भावाने शंभरी ओलांडली.