ट्रेनर आणि स्पिटफायरच्या मधलं विमान

रिमोटवरचं ट्रेनर विमान हाताला बसलं की बहुतेकांना स्पिटफायर या लढाऊ विमानाची ओढ लागते. साहजिकच आहे. १९४७ साली काश्मीरच्या लढाईत आपल्या वायुदलानेही स्पिटफायर उडवली होती. पण स्पिटफायर घेण्याआधी मधलं एक विमान घ्यावं, असं माझं मत आहे.

ट्रेनरचे पंख वरच्या बाजूला, टोकांकडे किंचित उचललेले. स्टिक सोडली की ते बरंचसं आपलं आपण सरळ होतं. चूक तुमची, दुरुस्ती विमानाची! लढाऊ विमानाच्या मॉडेलमध्ये हे काम आपल्या बोटांवर येतं. पंख खाली, अंगात वजन. वेग उतरला की पंखाचं एक टोक आधी दगा देतं आणि विमान त्या बाजूला कोलमडतं. चाक शेपटीला, म्हणजे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. धावताना शेपूटच पुढे यायला बघते. थ्रॉटल एकदम दिलात तर नाक डावीकडे ओढतं, तेव्हा उजवा रडर तयार हवा. त्यात स्पिटफायरची दोन्ही मुख्य चाकं एकमेकांच्या जवळ, म्हणून तोल आणखी नाजूक.

मग मधलं विमान कोणतं? मी एचटी-२ म्हणेन. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत वायुगतिकीतज्ज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले, आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी हे विमान घडवलं. १९५१ साली ते उडालं. वायुदलाच्या कितीतरी वैमानिकांचा हात त्याच्यावर बसला. पंख खाली, चाक शेपटीला. म्हणजे स्पिटफायरचा धडा इथेच सुरू होतो. चाकं मिटत नाहीत, त्यामुळे मॉडेलमध्ये ती यंत्रणा आणि तिचं वजन दोन्ही वाचतं. फोमच्या शीटमधून ते घरी करता येईल. चाकं मात्र मापापेक्षा मोठीच लावा. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू द्या! उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात. बारकं चाक त्यात अडकलं की विमान नाकावर.

हवेचंही गणित आहे. आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंच. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. मग तेच विमान तरंगत ठेवायला सात-आठ टक्के जास्त वेग लागतो. हलक्या ट्रेनरला त्याचं फारसं काही वाटत नाही, जड विमान उतरवताना मात्र पट्टी पुरत नाही. म्हणून नव्या विमानाची पहिली उड्डाणं थंडीतल्या सकाळी करावीत.

आणि जागा शहरापासून लांबच शोधा. चिकलठाणा विमानतळ अगदी वस्तीला लागून आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा. फुलंब्रीच्या बाजूला पीक निघालेलं एखादं रान मिळालं तर उत्तम. मालकाला आधी विचारा, आणि निघण्यापूर्वी ड्रोनच्या सरकारी नकाशावर त्या जागेचा रंग, म्हणजे तिथे उडवायला मुभा आहे का, ते बघून घ्या.